उंदीर पडला

इंटिरियर नावाचं गाव आहे हे, साउथ डकोटात.
एक पेट्रोल पंप, एक चर्च,
आणि वारा, तो मात्र गावाच्या मानाने फारच मोठा.

सकाळी सातला वेंडेल ऑस्टर्गार्ड
ट्रकमधून पांढऱ्या भुकटीचे डबे उतरवतो,
मला नळी देतो, मास्क देतो.
"बिळामागे पाच ग्रॅम. जास्त नको."
दुपारपर्यंत एवढंच बोलतो.

माळ.
प्रेअरी म्हणून बघितलं,
जिभेवर टिकत नाही.
गवत घोट्याएवढं, करडं, कुरतडलेलं,
त्यात बिळांची वस्ती, दर दाराशी मातीचा ओटा,
ओट्यावर एकजण उभा, हात पोटावर,
पंगतीतून उठलेल्या माणसासारखा.
प्रेअरी डॉग. नावात कुत्रा, जात खारीची.
गवत मुद्दाम खुजं ठेवतात,
उंच गवतात कोल्हा दिसत नाही.
ससाणा दिसला की एक शिट्टी,
माणूस दिसला की निराळी.
आमच्या नावाची आता मला ओळखू येते.
तिच्यात शिवी असावी.

एका जुन्या बिळात घुबडाची पिल्लं होती.
वाकले तर आतून सापासारखी फुसकारली.
मी नळी टाकून पळाले.
वेंडेल हसला. या हंगामातलं ते एकच.

आणि ती शिंगाळी हरणं.
मागे कोणी नसताना एवढी का धावतात?
म्हणतात, ज्याला भिऊन ती धावायला शिकली
तो चित्ता इथून केव्हाच संपला,
पायांना अजून कोणी कळवलेलं नाही.

पण पिसवेसाठी शिट्टी नाही.

ती बोटीतून आली, उंदराच्या अंगावर,
बंदरात उतरली, डोंगर ओलांडले,
आणि घाई न करता या माळावर पोचली.
ती लागली की आठवड्याभरात
सगळे ओटे रिकामे.

त्याच वर्षांत, मिरजेकडे,
लोक म्हणत, उंदीर पडला.
दोनच शब्द. त्यांचा अर्थ:
भांडी बांधा, गुरं सोडा,
कुलूप लावा, माळावर पालं ठोका.
पणजोबांची बहीण वेणी, वय सात,
काखेत गाठ.
घरच्या वहीत तिची एक ओळ आहे:
"गावात परतलो. वेणी माळावर राहिली."

माणसं जगायला माळावर गेली.
यांचं घरच माळावर.
हे कुठे जाणार?
पाच ग्रॅम.
पुढचं बीळ.
पाच ग्रॅम.

वेंडेलच्या बापाने याच जमिनीत
विषारी ओट पेरले होते, शेपटीमागे काही सेंट मिळत.
हे त्याने मला डबा झाकताना सांगितलं,
माझ्याकडे न बघता.
मी विचारलं नाही, तुला किती मिळाले.
हात त्याचे तेव्हा लहान असतील,
ओट मुठीत मावले असतील.

रात्री आम्ही दिवा फिरवत हिंडतो.
दोन वाजता, तिनाला, काही नाही.
मग बिळाच्या तोंडाशी दोन हिरवे ठिपके,
काळ्या पायांचं फेरेट,
आपल्या मुंगसाचं चुलत भावंड वाटावं असं
(जीवशास्त्रवाले रागावतील).
जगात शेकड्यांनी मोजावीत एवढीच उरलीत,
आणि खातात हेच, आमचे शिट्टीवाले.
दुपारी ज्याला वाचवला
त्यालाच हे आता झोपेत धरणार.
वेंडेल दिवा विझवतो.
"जेवू दे," म्हणतो.

पहाटे फोन.
बाबा विचारतात, तू तिकडे नक्की करतेस तरी काय?
पिसवा मारते, मी म्हणते.
कुणाच्या?
सांगते.
तिकडे बराच वेळ नुसता पंखा ऐकू येतो.
मग: "हात धुतेस ना नीट?"